रिकाम्या खोल्यांचे शहर

मुंबईत जागा मिळत नाही, ही तक्रार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जागेपायी लग्ने लांबतात, भावाभावांत कज्जे होतात, आणि पागडीचा आकडा सांगताना माणूस आवाज खाली आणतो. म्हणूनच आज मी ज्या काळाबद्दल बोलणार आहे तो काळ आपल्याला थोडा अविश्वसनीय वाटेल. याच मुंबईत, शंभर वर्षांमागे, सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या हजारो खोल्या कुलपे लावून पडल्या होत्या. घरात राहायला माणूस नव्हता असे मात्र नाही. माणूस पलीकडच्याच गल्लीत एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जणांत झोपत होता. खोली रिकामी आणि माणूस दाटीत, हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या चाळींना लोक 'बी. डी. डी.' म्हणतात. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे मुंबईचे विकास खाते, यावरून ती तीन अक्षरे आली. खाते कधीच विरून गेले, अक्षरे राहिली.

आरंभ तेजीपासून केला पाहिजे, कारण मंदीतले पुष्कळसे दुःख तेजीतच पेरलेले असते. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात विलायती कापड यायचे कमी झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना रान मोकळे मिळाले. युद्ध संपल्यावरही तीन-चार वर्षे नफ्याचा पूर ओसरला नाही. भागधारकांनी पाहिले नव्हते असे लाभांश वाटले गेले. गिरण्यांत पाळ्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. १९११ साली शहराची वस्ती ९,७९,४४५ होती, ती १९२१ च्या शिरगणतीत ११,७५,९१४ झाली. घरे मात्र त्या मानाने वाढली नाहीत. युद्धात लोखंड, सिमेंट, लाकूड महागले होते, आणि बांधणाऱ्यांनी हात आखडला होता. भाडी इतकी चढू लागली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेला इंप्रुव्हमेंट ट्रस्ट गलिच्छ वस्त्या पाडण्याचे व रस्ते काढण्याचे काम करीत होता. पण पाडणे जितके झपाट्याने होते तितके बांधणे होत नाही, हा अनुभव मुंबईने त्या ट्रस्टच्या हातूनच घेतला.

अशा वेळी, १९१८ च्या अखेरीस, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून आले. माणूस कर्तबगार, धडाडीचा आणि कमालीचा घाईचा. १९२० साली त्यांनी विकास खाते काढले आणि त्याच्या हाती दोन अवाढव्य कामे दिली. एक, बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणे. दुसरे, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे. पैशासाठी साडेसहा टक्के व्याजाचे कर्ज उभारले. शिवाय मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसवली, हेतू हा की कापसावर श्रीमंत झालेल्या शहराने कापूस कातणाऱ्याच्या घराला हातभार लावावा. कल्पना म्हणून यात खोट काढायला जागा नाही. मात्र सगळी योजना एका गृहीतावर उभी होती: आजची तेजी उद्याही राहील. १९२० साली सिमेंटचा, लोखंडाचा आणि व्याजाचा जो भाव होता, तो त्या पिढीतला सर्वांत चढा भाव होता. आणि नेमक्या त्याच भावात सरकारने खरेदी केली.

बॅक बेची गोष्ट लांबण लावण्यासारखी आहे, पण ती येथे दोन वाक्यांत आटोपतो. चार कोटींच्या आतला अंदाज पाहता पाहता सात कोटींवर गेला, भिंतीआड भरलेला चिखल वाहून जाऊ लागला, आणि वीर नरीमन यांनी त्या कारभारावर असा हल्ला चढवला की खात्याचे एक अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९२८ साली नरीमन निर्दोष सुटले. आठ विभागांपैकी चारच पुरे झाले.

आता चाळींकडे. पन्नास हजारांपैकी प्रत्यक्षात १६,५२४ खोल्या झाल्या. २०७ चाळी : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. तळमजला आणि वर तीन मजले. मधून बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, आणि मजल्याचे संडास सामाईक. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, काँक्रीटची. इमारती भक्कम होत्या, शंभर वर्षे टिकल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांत राहायला कोणी येईना, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या, आणि वरळीला तर ओसाडीच होती.

कारण काय? सरकारी बाजूने असे सांगितले जाई की मजुराला चांगल्या घराची चाडच नाही. हे उत्तर सोयीचे होते, म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. सुदैवाने त्याच सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. तीत कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत बावन्न रुपयांच्या आसपास निघाली, आणि तीतला शेकडा आठाहूनही कमी भाग भाड्यात जात होता. म्हणजे महिन्याला चार रुपये. उरलेल्यातला निम्म्याहून अधिक पोटात जाई. गावी म्हाताऱ्या आईबापांना मनीऑर्डर करावी लागे ती वेगळी, आणि पाहणीतली जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. विकास खात्याच्या खोलीचे भाडे, जकातीतून सूट देऊनही, या चार रुपयांच्या वर जाई. खोलीला खरोखर लागलेला खर्च आणि त्यावरचे व्याज धरून भाडे लावले असते, तर ते कितीतरी पट झाले असते. तेजीच्या भावात बांधलेली खोली मंदीच्या पगारात परवडत नाही, हा हिशेब सावकाराच्या गुमास्त्यालाही समजला असता.

पण नुसत्या भाड्याने सगळे उलगडत नाही. भाडी उतरवली तरी वरळी भरली नाही. येथे गिरणगावाचे आतले जीवन समजून घ्यावे लागते. लालबाग-परळचा कामकरी जेथे राहत होता, तेथे तो एकटा राहत नव्हता. त्या खोलीत त्याच्या गावचे, भावकीतले गडी होते. चार दिवस काम नसले तर तेच त्याला पोसत. तळाशी वाण्याचे दुकान होते. तो महिनाभर उधार देई; रुपयाला महिन्याला आणा असे व्याजही लावी, पण देई. कोपऱ्यावर खाणावळवाली होती. जॉबर त्याच मोहल्ल्यात राही, आणि सकाळी गिरणीच्या दाराशी बदलीच्या कामासाठी उभे राहायचे तर जॉबरच्या डोळ्यांसमोर असणे भाग होते. असा माणूस उठून वरळीला गेला, तर त्याला चांगली भिंत मिळे, आणि हे सगळे जाई. वरळीला त्या वेळी धड बाजार नव्हता, गिरण्या दूर होत्या, आणि अंधार पडल्यावर त्या बाजूला जाण्याची बायामाणसांना भीती वाटे. ज्या अधिकाऱ्यांनी नकाशे काढले त्यांनी खोलीची लांबी-रुंदी मोजली होती. वाण्याची उधारी मोजायला त्यांच्याजवळ माप नव्हते.

तशात मंदी आली. १९२२ नंतर जपानी कापड बाजारात दिसू लागले, अहमदाबाद-सोलापूरच्या गिरण्या स्वस्तात माल काढू लागल्या, आणि मुंबईच्या गोदामांत गठ्ठे साचू लागले. १९२४ साली बोनसवरून संप झाला. १९२५ साली मालकांनी शेकडा साडेअकरा पगारकाट पुकारली. त्यावर सप्टेंबरपासून डिसेंबरापर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सरकारने कापडावरची अबकारी जकात थांबवली तेव्हा काट मागे घेण्यात आली. पुढे रुपयाचा दर सोळा पेन्सांऐवजी अठरा पेन्स ठरला आणि परदेशी माल आणखी स्वस्त झाला, ही तर मुंबईच्या व्यापाऱ्यांची जुनीच सल. १९२८ चा संप एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला, आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते.

सहा महिने पगार नाही, याचा अर्थ घराच्या बाजारात काय होतो ते पाहा. कामगार बायकामुलांना आगबोटीने किंवा घाटाच्या वाटेने गावी पाठवतो आणि स्वतः चुलतभावाच्या खोलीत पथारी टाकतो. दोन खोल्यांची एक होते. वाण्याची उधारी तुंबते, म्हणून वाणी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थकवतो. घरमालक भाडे मागायला येतो आणि रिकाम्या हाताने जातो. काढून टाकावे तर नवा भाडेकरू कोठून आणावा? म्हणून तोही गप्प बसतो. खाणावळवालीची चूल अर्धी पेटते. माणसे तितकीच राहून खोल्यांची मागणी अशी घटते. गरज आणि मागणी यांत काय अंतर असते हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो. गिरणगावाने ते अंतर पाठीवर वाहिले.

नंतर १९२९ ची जगभरची मंदी. शेतमालाचे भाव कोसळले, म्हणजे गावाकडचा आधारही मोडला. १९३१ ची शिरगणती झाली तेव्हा मुंबईची वस्ती ११,६१,३८३ भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी ती चौदा हजारांनी घटली होती. या घटलेल्या शहरातही सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकेका खोलीतच राहत होते, हे त्याच शिरगणतीने नोंदवले. विकास खात्याच्या चाळींना मात्र या काळात एक अनपेक्षित भाडेकरू मिळाला. सविनय कायदेभंगात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींना तात्पुरत्या तुरुंगाचे रूप दिले. स्वखुशीने जेथे कोणी येत नव्हते, तेथे पहारा बसवून माणसे आणावी लागली. यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही, कारण आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांची ती गोष्ट आहे. मंदी सर्वांच्या दारी एकाच वेषात आली नाही. ज्याचा पगार सरकारी कचेरीत, शाळेत, रेल्वेत किंवा बँकेत ठरलेला होता, त्याचा रुपया मंदीत मोठा झाला. धान्य स्वस्त, कापड स्वस्त, आणि घर बांधायचे सामानही स्वस्त. इंप्रुव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्यास आखून ठेवलेल्या जमिनींवर याच काळात मध्यम वर्गाच्या वसाहती वाढल्या. ट्रस्ट स्वतः १९३३ साली म्युनिसिपालिटीत विलीन झाला, पण त्याचे रस्ते कामी आले. शिवाजी पार्काभोवती तीन मजली इमारती उठल्या. त्यांत 'ब्लॉक' नावाची नवी वस्तू होती, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास सगळे एका दाराआड. आणि लॉइडसाहेबांनी समुद्रातून काढलेल्या जमिनीवर, ज्या जमिनीची दहा वर्षे थट्टा झाली होती तिच्यावर, मरीन ड्राइव्हच्या इमारती चढल्या. त्या काळी इमारतींवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत, घरमालक एखाद्या महिन्याचे भाडे सोडी, वर रंग लावून देई, असे जुने मुंबईकर सांगत. पागडीची गोष्ट निघाली तर ती भाडेकरूनेच मागावी अशी वेळ होती, असेही कोणी थट्टेने म्हणे. परळच्या माणसाच्या पोटाला मंदीने चिमटा घेतला, आणि दादरच्या माणसाला तिने गॅलरी दिली. मी दादरच्या माणसाला दोष देत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच मंदीने केल्या, हे विसरून इतिहास लिहिता येत नाही.

मग या खोल्या भरल्या केव्हा? चांगले नकाशे काढले म्हणून नव्हे, की मजुराला एकाएकी चाड उत्पन्न झाली म्हणूनही नव्हे. दुसरे महायुद्ध आले. गिरण्या दिवसरात्र चालू लागल्या, गोदीत कामे निघाली, आणि सिमेंट-लोखंड लष्कराकडे गेल्यामुळे नवे बांधकाम थांबले. बघता बघता वरळी-नायगावच्या खोल्यांची कुलपे निघाली, आणि ज्या खोलीकडे बापाने पाठ फिरवली होती तीत मुलगा आणखी दोन बिऱ्हाडे घेऊन राहू लागला. चाळींत तालमी, भजनी मंडळे, गणेशोत्सव उभे राहिले. वाणी आला, खाणावळ आली. पंचवीस वर्षांपूर्वी नकाशात जे नव्हते ते लोकांनी आपल्या पायांनी चालत आणले.

भाड्यावर पुन्हा नियंत्रणे आली, आणि १९४७ च्या कायद्याने भाड्याला एक तारीख नेमून दिली : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जे भाडे चालू होते तेच त्या जागेचे प्रमाण भाडे. त्या तारखेचा भाव हा मंदीतून नुकत्याच बाहेर पडू पाहणाऱ्या बाजाराचा, खाली गेलेला भाव होता. १९२० साली सरकारने सर्वांत चढ्या भावात घरे बांधली होती. १९४७ साली त्याच सरकारच्या वारसाने सर्वांत उतरल्या भावाच्या आसपास भाडी गोठवली. भाडेकरू वाचला, हे निर्विवाद. घरमालकाने दुरुस्ती सोडली, आणि भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणारा माणूस हळूहळू मुंबईतून नाहीसा झाला, हेही तितकेच खरे. त्याच्या जागी पागडी आली.

डिलाइल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले. ज्यांनी कामगाराच्या घराबद्दल आणि पोटाबद्दल जन्मभर बोलायचे सोडले नाही, त्यांचे नाव त्या चाळींच्या रस्त्याला लागले आहे. २०२५ सालच्या ऑगस्टात वरळीच्या जुन्या रहिवाशांपैकी पहिल्या काही कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेली ती कुटुंबे त्या दिवशी प्रथमच स्वतःच्या दाराआडच्या न्हाणीघरात गेली.