अक्षर एक, तुकडे चार

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. मुळशी म्हटलं की आपल्याला धरण आठवतं, सेनापती बापटांचा 1921 चा सत्याग्रह आठवतो. पण संगणक कंपन्यांची रांगही याच तालुक्यात आहे. माझा भाचा तिथं नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गेम रचतो. त्यातला वाटाड्या बोलू लागला की वाक्य एकदम दिसत नाही. कुणी टाइपरायटर बडवावा तसं एकेक अक्षर उमटतं. वाटाड्या ताम्हिणी घाटाचं नाव घेतो, आणि त्या एका शब्दापायी भाच्याचे दोन रविवार गेले.

ही एकेक अक्षराची रीत जुनी आहे. 1970 च्या दशकात विल क्रॉदर या अमेरिकन माणसानं गुहेत भटकण्याचा, नुसत्या शब्दांचा खेळ रचला. तेव्हा अनेक ठिकाणी संगणकाला पडदाच नव्हता. टेलिप्रिंटरसारखं यंत्र खडखडत कागदावर अक्षरं छापायचं. पुढं पडदे वेगवान झाले, पण गंमत हवीशी वाटली. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळात अक्षरं मुद्दाम एकामागून एक, बारीक आवाजासह येतात.

कृती सोपी. वाक्यातलं पहिलं चिन्ह दाखवा, क्षणभर थांबा, मग दोन दाखवा, मग तीन. इंग्रजीचं भागतं. ‘ताम्हिणी’ मात्र संगणकाच्या पोटात आठ चिन्हांचा शब्द आहे: त, काना, म, पाय मोडायची खूण, ह, ऱ्हस्व वेलांटी, ण, दीर्घ वेलांटी. पडद्यावर ‘ता’पर्यंत ठीक. मग पुरा ‘म’ येतो, त्याचा पाय मोडतो, ‘ह’ येऊन त्याला चिकटतो. मग वेलांटी येते ती उडी मारून दोघांच्याही आधी बसते आणि उमटलेली अक्षरं उजवीकडे ढकलते. वाचणाऱ्याचे डोळे गरगरतात. ‘सूर्य’ लिहा, तर ‘र’ दिसून नाहीसा होतो आणि ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

खऱ्या मराठी टाइपरायटरवर हे होत नसे. कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला टायपिस्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं लिहायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. ‘ण’, ‘भ’ आधी अर्धे, काना मारला की पुरे. संगणकानं मात्र कानाचा क्रम घेतला: आधी व्यंजन, मग स्वर. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतात हाच क्रम होता आणि 1991 च्या युनिकोडनं तो उचलला. त्यामुळे शब्द शोधणं, अकारविल्हे लावणं सोपं झालं. मला ही निवड योग्यच वाटते, त्रास झाला तरी.

यंत्रासाठी लिपीच वाकवायचा प्रयत्नही झाला होता. 1953 मध्ये लखनौच्या लिपी परिषदेनं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणायची शिफारस केली. ती लोकांच्या गळी उतरली नाही आणि थोड्याच वर्षांत मागं घेतली गेली. आज ती वेलांटी जागच्या जागी आहे. नमतं घ्यायला हवं ते यंत्रानं, आणि ते त्यानं फार उशिरा घेतलं.

ते असं. पडद्यावर एका वेळी काय दाखवायचं, तर ‘ता’, ‘म्हि’, ‘णी’ ही तीन अक्षरं. युनिकोडच्या नियमांत मात्र ‘म्’ आणि ‘हि’ हे दोन तुकडे धरले जात. देवनागरीतलं जोडाक्षर अखंड धरायचं, हा सर्वसाधारण नियम 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. आम्हा कवींना याचं नवल वाटतं. अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार असे अक्षरं मोजूनच रचतात आणि त्या हिशेबात ‘म्हि’ एकच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात अभंग लिहिले, तेव्हाही मोजणी हीच होती.

उर्दूचं दुखणं निराळं. पुढचं अक्षर आलं की मागच्याचं रूप पालटतं. तिथं सगळं वाक्य आधी मांडून झाकून ठेवायचं आणि उजवीकडून पडदा सरकवत जायचं, हा इलाज चालतो. भाच्यानं मराठीसाठीही तोच केला, फक्त पडदा डावीकडून आणि एका वेळी एक अख्खं अक्षर सरकतो. आता वाटाड्या नीट बोलतो. खेळणारी पोरं मात्र त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, बटण दाबून पुढं पळतात.