घशाचा संसर्ग आणि हृदयाची झडप

'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंच्या संसर्गाने घसा सुजतो. या जीवाणूच्या पृष्ठभागावरील 'एम' प्रथिनाचे हृदयातील मायोसिन प्रथिनाशी साम्य असते. त्यामुळे जीवाणूविरुद्ध सज्ज झालेली रोगप्रतिकारक यंत्रणा काही मुलांत स्वतःच्याच हृदयावर हल्ला करते. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. घसा दुखून गेल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी, मुख्यत्वे ५ ते १५ वर्षांच्या वयात तो उद्भवतो. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाची मायट्रल झडप मात्र कायमची अरुंद किंवा गळकी होऊ शकते. घसादुखी सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने पेनिसिलिन दिल्यास हा ताप सहसा टाळता येतो. तो एकदा येऊन गेल्यास दर ३ ते ४ आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते परस्पर थांबवू नये.