कोंभाळण्याची बँक आणि सणाचं ताट

नेलं त्याच्या दुप्पट परत आणायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावची बियाणे बँक या एका अटीवर चालत आली आहे. तारण नाही, जामीन नाही. मूठभर वाल नेले तर हंगाम संपल्यावर दोन मुठी आणून द्यायचे. ऐकायला हे सावकारी वाटतं. पण वालाचा एक वेल मांडवावर चढला की किती शेंगा देतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही अट फारच मवाळ वाटेल. त्यात एक हिशेबही दडलेला आहे. परतफेड करायची म्हणजे बी पेरावं लागतं, वाढवावं लागतं, थोडं खाण्यापासून वाचवून वेगळं ठेवावं लागतं. अट पाळणारं प्रत्येक घर नकळत बँकेची शाखा होऊन जातं.

ही बँक कशासाठी उभी राहिली हे समजून घ्यायचं तर आधी जिल्ह्याकडे पाहायला हवं. अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते, कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखरही याच अकोले तालुक्यात. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि डोंगरातलं पाणी कालव्यांनी खाली गेलं. 1950 साली त्याच प्रवरेच्या खोऱ्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. महाराष्ट्राच्या दिवाळीत जी साखर पडते तिच्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. वरच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र उतारावरची नाचणी, वरई आणि खुरासणी, खाचरातला भात आणि घराभोवतालचे वेल एवढंच राहिलं. पाऊस भरपूर, पण तो थांबत नाही. चार महिने कोसळतो आणि पुढे डिसेंबरनंतर पिण्याच्या पाण्याची ओढाताण.

या पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत जुनं जेवण दोन प्रकारचं होतं. रोज नाचणीची किंवा वरईची भाकरी, हुलग्याचं किंवा उडदाचं कालवण, पावसाळ्यात रानभाज्या. पांढरा भात, पुरण, दुधातली खीर हे सणाचं. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमून खीर शिजवतात. ज्या दिवशी बाकीचा महाराष्ट्र वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतो, त्याच दिवशी इथे गायीच्या वैऱ्याला नैवेद्य असतो. मुलं वाघ-अस्वल होऊन नाचतात. त्या खिरीत तांदूळ वासाचा हवा. काळभात हा अकोल्याचा वास असलेला तांदूळ. टरफल काळसर आणि आतला दाणा पांढरा. तो रोज शिजवायचा नव्हताच. पीक कमी, झाड उंच, वाऱ्यानं लोळणारं. तरीही घरोघरी त्याचा एखादा वाफा असायचा, कारण सणाला आणि पाहुण्याला तो लागायचा.

गेल्या काही दशकांत हे ताट उलटं झालं. संकरित आणि सुधारित भात आला, त्याचं पीक जास्त. पुढे रेशनचं धान्य आलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य ठरवून दिलं, तांदूळ तीन रुपये किलोनं. 2023 पासून तो फुकट मिळतो. भुकेच्या दृष्टीनं हे मोठं काम आहे आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांनी श्रावण-भाद्रपदातली रिकामी कणगी पाहिलेली नसते. पण त्यानं सणाचा पांढरा भात रोजचा झाला आणि रोजची नाचणी कुठेतरी प्रदर्शनात, महोत्सवात, शहरातल्या दुकानात जाऊन बसली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सडीक तांदळात दहाच्या आसपास. ज्या तालुक्यात लेकरांचं कुपोषण हा सरकारी फायलींचा कायमचा विषय आहे, तिथे ही अदलाबदल महागात पडते. आणि नाचणी पिकवणं थांबलं की दोन-चार हंगामांत तिचं बीही जातं.

इथे कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे यांची गोष्ट सुरू होते. जन्म 1964 चा, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. घरातला नातू आजारी पडला आणि बाजारातल्या, फवारणी केलेल्या भाजीनं तो आजारी पडला अशी त्यांची खात्री झाली. हे त्या स्वतःच सांगतात. वैद्यकीय पुरावा त्यात शोधू नये. एका आजीनं त्यावरून काय ठरवलं हे महत्त्वाचं. त्यांनी जुनं बी गोळा करायला घेतलं. माहेरचं, शेजारणीकडचं, नात्यातल्या म्हाताऱ्यांनी कुठल्या गाडग्यात ठेवून दिलेलं. राखेत घोळलेलं, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं, तोंडाला शेणमातीनं लिंपलेलं. मक्याची कणसं वाशाला टांगलेली. हे ज्ञान त्यांनी शोधलं नव्हतं, ते त्या भागातल्या बायकांकडे होतंच. वापरात नसल्यानं ते कुणी विचारत नव्हतं.

विचारणारी संस्था होती बायफ. मणिभाई देसाई या गांधीजींच्या कार्यकर्त्यानं 1967 साली उरुळीकांचनला ती स्थापन केली. सुरुवातीचं मुख्य काम गायींच्या पैदाशीचं. आदिवासी भागात वाडी, परसबाग, सुधारित भातशेती अशा वाटांनी ती पुढे गेली आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हारपासून देशी वाण गोळा करू लागली. 2014 मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळानं महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्प सुरू झाला, त्यात पिकांच्या वाणांचं काम बायफकडे होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोंभाळण्यात राहीबाईंच्या मातीच्या घरातच बँक उभी राहिली. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती तयार झाली, बचत गटांच्या बायका तिच्याशी जोडल्या गेल्या आणि एकदरे, देवगाव अशा तालुक्यातल्या इतर गावांतही बियाणे जपणुकीची केंद्रं झाली. मडक्यावर वाणाचं नाव आलं. कोणी दिलं, कुठे पिकलं, फुलोरा कधी आला याच्या नोंदी होऊ लागल्या. जुन्या पद्धतीला संस्थेनं घातलेली भर मुख्यतः ही: वही.

आज संग्रहात शंभराहून अधिक वाण आहेत. भात, नाचणी, वरई, उडीद, हुलगा, पालेभाज्या, भोपळे, काकड्या, अबई. पण या बँकेचा खरा मानकरी वाल. त्याचे शेंगांच्या रंगावरून, आकारावरून, दाण्यावरून वेगळे केलेले प्रकार इथे जितके आहेत तितके कुठल्या बाजारात दिसणार नाहीत. याला एक तांत्रिक कारण आहे. वालाचं फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे दोन प्रकार जवळजवळ लावले तरी बी बरंचसं शुद्ध राहतं. भोपळ्याचं तसं नाही; मधमाशी एका वेलावरून दुसऱ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी तिसरंच फळ लागतं. म्हणून वाल घरातल्या बाईला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळता आला. संकरित बियाण्याची अडचण याहून वेगळी. त्याचं बी धरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी दुकानात जावं लागतं.

या कामातली सगळ्यात रंजक गोष्ट पंचांगाची आहे. वालाचे बरेचसे जुने प्रकार दिवस लहान व्हायला लागले की फुलतात. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फुलोरा आश्विन-कार्तिकातच आणि शेंगांचा भर मार्गशीर्ष-पौषात. म्हणजे भोगीला. बाजरीची तिळाची भाकरी आणि पावटा, सोलाणे, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी का, याचं उत्तर वेलाच्या स्वभावात आहे. गरव्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या, भाताचंही तसंच. तो दिवसाच्या लांबीवर नजर ठेवून पोटरीत येतो. हळवा भात आधी तयार होतो आणि कोकण-घाटमाथ्यावर आश्विनातल्या नव्याच्या पौर्णिमेला त्याचे लोंगर दाराला लागतात. सूर्याकडे पाहून फुलणारी ही वाणं आणि चंद्र-सूर्याकडे पाहून ठरलेले सण यांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. नव्या वाणांना दिवस लहान-मोठा झाल्याचं सोयरसुतक नसतं. बारमाही पीक ही त्यांची ताकदच. पण मग भोगीची भाजी भोगीलाच खाण्याचं कारणही उरत नाही.

ऋषिपंचमीची भाजी हे याचं दुसरं उदाहरण. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही असा दंडक. म्हणजे नांगराची शेती बाद. परसातलं, बांधावरचं, आपोआप उगवलेलं तेवढं चालतं. अळू, माठ, दोडका, भोपळा, सुरण, अंबाडी. वर्षातून एक दिवस परसबागेची हजेरी घेणारा हा सण आहे. बाजारातून शंभर रुपयांचा तयार चिरलेला वाटा आणून ती भाजी करता येते, करतातही, आणि चवीला वाईट होत नाही. हजेरी मात्र भाजीवाल्याच्या टोपलीची घेतली जाते. घटस्थापनेच्या धान्याबद्दल हल्ली सांगतात की ती पूर्वजांची उगवणक्षमतेची चाचणी होती. पूर्वजांच्या मनात नेमकं काय होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. परडीत ज्या घरचं धान्य नवव्या दिवशी वीतभर वाढतं त्या घरच्या बियाण्यात जीव आहे, एवढं मात्र कोणालाही दिसतं.

मानसन्मानांचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी राहीबाईंचा ‘मदर ऑफ सीड’ असा गौरव केला, मराठीत त्या बीजमाता झाल्या. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव, मार्च 2019 मध्ये नारीशक्ती पुरस्कार, 2020 चा पद्मश्री. कोरोनाच्या साथीमुळे तो सोहळा नोव्हेंबर 2021 मध्ये झाला. पद्मश्रीच्या त्याच यादीत याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार होते. एक पाण्याचं काम, एक बियाण्याचं. पुरस्कारांनी बँकेला पाहुणे मिळाले, गाड्या भरून सहली येऊ लागल्या.

आता आरोग्याचं. शहरातल्या दिवाळीला गेली काही वर्षं ‘हेल्दी फराळा’ची लाट आहे. नाचणीचे लाडू, ज्वारीची चकली, भाजलेला चिवडा. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यावर ही लाट अधिकच उसळली. नाचणीला मागणी येते हे चांगलंच. पण तूप-गुळात वळलेला नाचणीचा लाडू हा लाडूच असतो. गूळही शेवटी उसाचाच, आणि मधुमेही माणसानं त्याला औषध समजू नये. अकोल्याच्या जुन्या जेवणाचं आरोग्य एखाद्या पदार्थात नव्हतं. वर्षभर साधं आणि नाना तऱ्हेचं खायचं आणि चार दिवस मनसोक्त गोडधोड करायचं, या विभागणीत ते होतं. खुरासणीच्या तेलात तळलेलं कोणी रोज खात नव्हतं, कारण तेवढं तेल घरात नसायचंच.

म्हणून समितीच्या कामात मला सर्वांत पटतो तो परसबागेचा भाग. देशी भाज्यांच्या बियांची लहान पाकिटं एकत्र करून घरोघर द्यायची, म्हणजे दाराशी वर्षभर आलटून-पालटून काहीतरी उगवत राहावं. एवढ्यानं तालुक्याचं कुपोषण मिटेल असा दावा करू नये. पण सोमवारच्या ताटात वाल आणि गुरुवारच्या ताटात माठ पडतो, तोही पदरचा पैसा न घालता. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तिथे चाई, भारंगी, कुर्डू, करटोली यांची ओळख शहराला होते. परसबाग त्या ओळखीला रोजच्या जेवणात उतरवते.

एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोशाला पाच वर्षांसाठी 172 कोटींहून अधिक रुपयांची मंजुरी दिली. स्थानिक पिकांचं बियाणं हा त्यातल्या सात विषयांपैकी एक. बाकी सागरी जीव, देशी गुरं, गोड्या पाण्यातले जीव, गवताळ माळ असे. कायद्याचीही आडकाठी नाही. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायला, वाटायला, विकायलाही मोकळीक देतो, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. अडचण बाजाराची आहे. काळभाताला शहरात दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक असतं. वर्षभर घेणारं नसतं, आणि एकट्या सणाच्या मागणीवर शेतकरी एक वाफा ठेवेल, एकरभर ठेवणार नाही. कदाचित तेवढंच पुरेसं असेल. पूर्वीही वाफाच होता.

दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याला येणारी मंडळी आता कोंभाळण्याची वाट वाकडी करतात आणि वालाचं पाकीट घेऊन जातात. घरी जाऊन लगेच लावलं तरी वेल खुजा राहील. दिवस आधीच लहान झालेले असल्यानं तो वाढायच्या आत फुलायला घेतो. बी राख लावून जूनपर्यंत ठेवावं, मृगाच्या पावसावर कुंडीत नव्हे, जमिनीत टाकावं, आणि मांडव मजबूत करावा. दिवाळीला फुलं येतील. शेंगा भोगीला.