जुन्या नगरांचा वैद्य : प्रो. पॅट्रिक गेडिस

नवें नगर वसविणें कठीण खरें. परंतु जुनें नगर न मोडतां निरोगी करणें त्याहून कठीण. पहिल्या कामास धन आणि सत्ता पुरतात. दुसऱ्यास लोकांविषयीं ममताही लागते. या दुसऱ्या कामीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या प्रो. पॅट्रिक गेडिस यांचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

गेडिस यांचा जन्म इ. स. १८५४ त स्कॉटलंडांत झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. झाड जसें त्याच्या मातीवेगळें समजत नाहीं, तसें नगरही त्यांतील माणसांवेगळें समजत नाहीं, अशी त्यांची दृष्टि होती. इ. स. १८८६ त त्यांचा विवाह झाला. लौकरच पतिपत्नींनीं एडिंबरोच्या जुन्या भागांतील जेम्स कोर्ट या दाट व दरिद्री वस्तींत बिऱ्हाड केलें आणि शेजाऱ्यांना हाताशीं धरून भिंती रंगविल्या, खिडक्यांत फुलझाडें लाविलीं, पडकीं घरें दुरुस्त करविलीं.

इ. स. १९१४ त मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानांत आले. त्यांच्या नगरप्रदर्शनाचें साहित्य नेणारें जहाज जर्मन ‘एमडेन’ नौकेनें बुडविलें. तरी खचून न जातां नवें साहित्य जमवून इ. स. १९१५ त त्यांनीं मद्रासेस प्रदर्शन भरविलेंच. त्याच सालीं ठाणें, वांद्रें वगैरे गांवांविषयीं त्यांनीं मुंबई सरकारास अहवाल सादर केले.

त्या काळीं सुधारणा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणें आणि तिच्या आड येणारीं घरें पाडून रुंद रस्ता काढणें, अशी समजूत होती. गेडिस म्हणत, ज्यांचीं घरें पडतात ते कोठें जातात? शेजारच्या गल्लींत! म्हणजे दाटी नाहींशी न होतां केवळ जागा बदलते. म्हणून ते प्रथम गल्लीबोळ पायीं हिंडत. मोडकळीस आलेलीं एकदोन घरें तेवढीं काढीत. मोकळ्या झालेल्या जागीं झाड लावीत व अंगण करीत. जुने तलाव व विहिरी बुजविण्याऐवजीं स्वच्छ राखण्याचा आग्रह धरीत. अवयव राखून करावयाची ही शस्त्रक्रिया होय.

इ. स. १९१७ हें साल त्यांस फार दुःखाचें गेलें. थोरला पुत्र युद्धांत पडला व थोड्याच दिवसांनीं पत्नी कलकत्त्यास वारली. तरी त्यांनीं इंदूरचें काम सोडलें नाहीं. तेथें प्लेगचा कहर होता, आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या वृद्ध साहेबाला पाहून लोक भीत. तेव्हां तुकोजीराव होळकर महाराजांच्या संमतीनें गेडिस यांनीं दिवाळीची एक अपूर्व मिरवणूक काढिली. जेथें घरें अधिक स्वच्छ, त्या वाटेनें ती जाईल, असें अगोदर जाहीर केलें. मग काय, शहरभर झाडलोट सुरू झाली! मिरवणुकींत प्लेगच्या उंदराचें सोंग होतें. आणि झाडूवाले स्वच्छ वस्त्रें परिधान करून मानानें चालले होते. धाकानें जें झालें नसतें, तें विश्वासानें झालें. इंदूरचा त्यांचा मोठा अहवाल इ. स. १९१८ त निघाला.

पुढें इ. स. १९१९ त मुंबई विद्यापीठांत ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचेच शिष्य. इ. स. १९३२ त फ्रान्समधील माँपेलिये येथें गेडिस निवर्तले.

मुंबईंत ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचे नियम इ. स. १९९५ त अमलांत आले. परंतु कायदा भिंत राखील. भिंतीआडचा शेजार राखणें हें रहिवाशांचेंच काम. वाचकहो, वांद्र्याचें रानवर असो कीं गिरगांवची खोताची वाडी, आपल्या वडिलांच्या ओटीवर कुदळ पडण्यापूर्वीं त्या वैद्याचा प्रश्न आपण विचारावा : येथून उठणारा माणूस जाणार कोठें?