रुंद चाकाची कुळकथा

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्याने पाहिली असेल, त्याला चाकाचे निम्मे शास्त्र ठाऊकच आहे म्हणायचे. लोहार लोखंडी धाव आगीत लाल करतो. ती फुगली की लाकडी चाकावर बसवतो, आणि वर पाणी ओततो. धाव आकसते व सगळ्या आऱ्यांना तुंब्याकडे दाबून धरते. ते चाक दाबावर उभे असते.

तारांच्या चाकाची रीत नेमकी उलटी. तेथे प्रत्येक तार ताणलेली असते, आणि त्या ताणावरच गाडीचा भार तोलला जातो. ही कल्पना सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाला १८०८ साली सुचली. पुढे १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा तुंब्यापासून सरळ न नेता तिरप्या नेण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे तुंब्याला दिलेला पीळ थेट कडेपर्यंत पोचू लागला. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट टॉमसन या स्कॉट माणसाने १८४५ मध्येच घेतले होते. पण जग ते विसरले, आणि १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन डनलॉप यास तीच गोष्ट पुन्हा शोधावी लागली.

या साऱ्या शोधांची एक वेगळीच परीक्षा आपल्या काळात झाली, आणि ती घेतली चक्क टेलिव्हिजनने! सर्वांत तरबेज मोटारसायकलस्वार कोण, डांबरी रस्त्यावरचा, मातीच्या लंबगोल धावपट्टीवरचा, की उड्या मारीत रान तुडवणारा मोटोक्रॉसवाला? हा वाद मिटवायला गॅव्हिन ट्रिप याने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे ‘सुपरबाइकर्स’ नावाची शर्यत घडवली. काही वाट डांबराची, काही मातीची. एबीसी वाहिनीने ती देशभर दाखवली. पहिल्या वर्षी केंट हॉवर्टन हा मोटोक्रॉसवाला जिंकला; पुढे रस्त्यावरच्या शर्यतींचा राजा एडी लॉसन यानेही ती जिंकली. म्हणजे वाद मिटला नाहीच. पण वादातून एक नवी गाडी मात्र जन्माला आली. अंग मोटोक्रॉसचे, पाय रस्त्याचे. तिलाच आज सुपरमोटो म्हणतात. १९८५ नंतर अमेरिकेतील तो कार्यक्रम बंद पडला, परंतु युरोपने, विशेषतः फ्रान्सने, हे बाळ सांभाळले. २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली.

आता ‘पाय बदलणे’ म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. टायरवर १५०/६०-१७ असे लिहिलेले असते. रुंदी १५० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६० टक्के म्हणजे ९०, आणि रिमचा व्यास १७ इंच. मोटोक्रॉसच्या गाडीला मागे बहुधा ११०/९०-१९ व पुढे ८०/१००-२१ असतो. तेथे मागे १५०/६०-१७ आणि पुढे १२०/७०-१७ बसवला, की मागील आस सुमारे ३४ मिलिमीटर व पुढील आस सुमारे ४७ मिलिमीटर खाली येतो. पुढचा भाग अधिक उतरल्यामुळे गाडी वळायला चपळ होते. मागच्या चाकाचा परीघ दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून ५० दात्यांच्या जागी ४५ दात्यांचे स्प्रॉकेट घातले, तरच वेगाचा पूर्वीचा मेळ बसतो. तुंबा जुनाच ठेवला, तरी रिम बदलल्याने तारा नव्या मापाच्या लागतात, आणि चाक गाडीच्या मध्यरेषेवर राहील अशा बेताने त्या एकेक करून ताणाव्या लागतात. स्टार्लीची विद्या तेथे आजही उपयोगी पडते.

माझा एक भाचा पुण्यात शिकतो. त्याला आपल्या गाडीला १५० ऐवजी १८० चा टायर हवा होता. “मामा, मागून गाडी कशी भारदस्त दिसेल!” मी त्याला हिशेब मांडून दिला. टायर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिलिमीटर वाढणार, आणि साखळी तर टायरपासून बोटभरही दूर नाही. ती टायरला घासेल. रिम चार इंचांचीच ठेवली, तर टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन त्याची पाठ टोकदार होईल आणि गाडी कललेली असताना पकड दगा देईल. १८० ला साडेपाच इंचांची रिम लागते. १५० ला सव्वाचारच्या आसपासची पुरते.

तो म्हणाला, “पण रुंद टायर जास्त धरतो ना?” प्रश्न बरोबर होता. फ्रेंच विद्वान आमाँताँ याने १६९९ मध्ये सांगितले की, घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रावर नव्हे. रबर मात्र हा नियम पुरता पाळीत नाही. ते रस्त्याच्या खाचाखोचांत शिरून बसते. रुंदी असली की मऊ रबर वापरता येते आणि उष्णताही पसरते. परंतु त्याची किंमत असते. रुंद टायरचा स्पर्शबिंदू कलताना मध्यापासून अधिक बाजूला सरकतो. त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी जास्त कलवावी लागते. हलक्या, एकाच सिलिंडरच्या गाडीला १८० चा टायर म्हणजे लेकराच्या पायात बापाचे जोडे. भाच्याने तूर्त १५० वरच समाधान मानले आहे. मला त्याचा हाडे-कातडे शाबूत चेहरा भारदस्त गाडीपेक्षा प्रिय आहे.

या कुळाची एक फांदी आपल्याकडेही आली आहे. ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीने १९९४ मध्ये ‘ड्यूक’ नावाची गाडी काढली, ती सुपरमोटोच्या घाटाची. त्याच नावाची धाकटी गाडी २०१२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या मागच्या चाकाला टायर होता १५०/६०-१७. कार्ल्सबॅडच्या धुळीत सुरू झालेला वाद असा आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा आहे.

धाव चढवणारा लोहार चाकाचा घेर दोरीने मोजूनच लोखंड कापतो. सैल धाव रस्त्यात निसटते; घट्ट धाव चाक चिरडते. त्याला रुंदीचा हव्यास नसतो, मापाची चाड असते. हवेच्या टायरचे शास्त्र कितीही पुढे गेले, तरी ही चाड अजून जुनी झालेली नाही.