एक्स-रेची अंधारी खोली

एक्स-रे म्हटले की आपल्याला रुग्ण आठवतो, डॉक्टर आठवतात. फिल्म धुणारा तंत्रज्ञ सहसा आठवत नाही. हा इतिहास आपण त्याच्या बाजूने पाहू.

विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. सुरुवातीला प्रतिमा काचेच्या पट्टीवर घेत. काच जड आणि ठिसूळ. म्हणून सेल्युलोज नायट्रेटची फिल्म आली. हा पदार्थ बंदुकीच्या धूरविरहित दारूच्याच कुळातला! १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या अशा फिल्म पेटल्या. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे इमारतभर पसरली. १२३ माणसे दगावली. एक संस्थापक डॉ. जॉन फिलिप्स हेही त्यांत होते. पुढे सहजी न पेटणारी फिल्म सर्वत्र रूढ झाली.

आग टळली, पण रसायने राहिली. फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. किरण पडलेल्या कणांपासून डेव्हलपरमध्ये काळी दिसणारी चांदी तयार होते. उरलेले कण फिक्सरमध्ये विरघळतात. म्हणजे वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. ती काढून न घेता द्रव गटारात ओतला, तर पाणी दूषित होते. शिवाय डेव्हलपरमध्ये ग्लुटारल्डिहाइड असे आणि फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड निघे. हवा न खेळणाऱ्या खोलीत तंत्रज्ञ दिवसभर हेच श्वासावाटे घेत. १९८०च्या दशकात न्यूझीलंडमधील तंत्रज्ञांच्या डोकेदुखी, घशाची जळजळ, धाप अशा तक्रारी पुढे आल्या. नेमक्या कारणाबद्दल मतभेद राहिले, तरी या त्रासाला ‘डार्करूम डिसीज’ हे नाव पडले.

१९८३ साली जपानच्या फुजी कंपनीने नवी पद्धत बाजारात आणली. तिच्यातील फॉस्फरची पट्टी क्ष-किरणांची ऊर्जा साठवते. लेसर फिरवला की ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि संगणक तिचे आकड्यांत रूपांतर करतो. पट्टी पुन्हा पुन्हा वापरता येते. चांदी नको, फिक्सर नको, अंधारी खोलीही नको. तंत्रज्ञाच्या फुप्फुसांना खरोखरच सुटका मिळाली.

मग ओझे संपले का? प्रतिमा घेणे आणि साठवणे सोपे झाले, तशी त्यांची संख्या वाढली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सी.टी. आणि एम.आर.आय. तपासण्यांचा हिशेब मांडला गेला. प्रत्येक क्ष-किरणतज्ज्ञाला मिनिटाला १९९९ साली सरासरी २.९ प्रतिमा पाहाव्या लागत. २०१० साली १६.१. म्हणजे आठ तास बसून दर तीन-चार सेकंदांना एक! तंत्रज्ञाच्या छातीवरचा भार तज्ज्ञाच्या डोळ्यांवर आला.

पर्यावरणाचेही तसेच. चांदीचे सांडपाणी घटले. पण पडदे, संगणक आणि प्रतिमांचे साठे यांना वीज लागते आणि यंत्रे जुनी होतात. सर्व क्षेत्रे मिळून २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला; रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. आपल्याकडे चांदीसाठी जुन्या फिल्म विकत घेतल्या जातात. टाकाऊ संगणकही बऱ्याचदा भंगारवाल्याकडेच जातो.

जुनी पद्धत बरी होती, असे आम्ही म्हणत नाही. नवे यंत्र आले की वर्गात दोन प्रश्न जरूर विचारावेत: यातून कोणाचा त्रास कमी झाला? आणि नवा त्रास कोणाच्या वाट्याला आला?