चाचणी बाकी, सही झालेली

३१ डिसेंबर १९८३

युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राचा चौथा संच पूर्ण झाला, अशा दाखल्यावर संचालक व्हिक्टर ब्रुखानोव्ह यांनी सही केली. वर्षाचा शेवटचा दिवस होता. वार्षिक उद्दिष्ट कागदावर गाठले गेले.

एक चाचणी मात्र राहिली होती. बाहेरून येणारी वीज गेली, तर अणुभट्टीत पाणी फिरवणारे पंप बंद पडतात. डिझेल जनरेटर असतात, पण त्यांना पूर्ण भार घ्यायला मिनिटभर लागतो. बटण बंद केल्यावर पंखा जसा थोडा वेळ फिरत राहतो, तसे वाफ तोडल्यावर टर्बाइनही फिरत राहते. त्या फिरण्यातून निघणारी वीज हे मिनिट भरून काढते का, एवढेच तपासायचे होते. संच सुरू होण्याआधी तपासायचे होते.

१९८३ ची अखेर

त्याच सुमारास लिथुआनियात इग्नालिना केंद्राचा पहिला संच सुरू होण्याच्या तयारीत होता. अणुभट्टी त्याच घराण्यातली, आरबीएमके. तिथे सुरू करण्याआधीच्या चाचण्या झाल्या आणि एक विचित्र गोष्ट आढळली. अणुभट्टी थांबवण्यासाठी नियंत्रक सळ्या खाली सोडल्या की पहिले काही क्षण तिची शक्ती घटण्याऐवजी वाढत होती.

कारण सळ्यांच्या रचनेत होते. न्यूट्रॉन शोषणाऱ्या भागाखाली ग्राफाईटचा लांब तुकडा जोडलेला होता. पूर्ण वर ओढलेली सळी खाली येऊ लागली की हा ग्राफाईट आधी तळाचे पाणी बाजूला सारी. पाणी न्यूट्रॉन शोषून घेते, ग्राफाईट घेत नाही. त्यामुळे ब्रेक लागण्याआधी तळाशी वेग वाढे.

रचनाकारांना हे कळवण्यात आले. बदल करू, असे ठरले. पत्रे फायलींत गेली. चेर्नोबिलच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांना हा धोका कोणी समजावून सांगितला नाही.

१९८४ आणि १९८५

राहिलेली चाचणी घेण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. एकदा विजेचा दाब फार लवकर उतरला. एकदा नोंदी घेणारी उपकरणे चालली नाहीत. पुढची संधी एप्रिल १९८६ मध्ये येणार होती. तेव्हा चौथा संच ठरलेल्या दुरुस्तीसाठी बंद व्हायचा होता.

२५ एप्रिल १९८६, शुक्रवार. रात्री १ वाजून ६ मिनिटे

(वेळा चेर्नोबिलच्या, म्हणजे मॉस्कोच्या. भारतातले, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे घड्याळ दीड तास पुढे.)

संचाची शक्ती उतरवायला सुरुवात झाली. पूर्ण उष्णता शक्ती ३२०० मेगावॅट, त्यातून वीज १००० मेगावॅट. आज पिंपळनेरच्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. क्षमतेच्या हिशेबाने तसे आठ प्रकल्प या एका संचात मावले असते.

चाचणीचा कार्यक्रम मुख्य अभियंता निकोलाय फोमिन यांनी मंजूर केला होता. ही विजेची चाचणी आहे, अणुभट्टीची नव्हे, असे धरून तो लिहिलेला होता. अणुसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेची मंजुरी त्यावर नव्हती.

पहाटे ३ वाजून ४७ मिनिटे

शक्ती १६०० मेगावॅट. निम्मे काम झाले.

दुपारी १ वाजून ५ मिनिटे

दोन टर्बाइनपैकी एक, क्रमांक ७, बंद करण्यात आले. चाचणी क्रमांक ८ वर होणार होती.

दुपारी २

आणीबाणीत अणुभट्टीवर थंड पाणी सोडणारी यंत्रणा कार्यक्रमाप्रमाणे तोडण्यात आली.

तेवढ्यात कीव्हच्या भार नियंत्रण केंद्रातून निरोप आला. दुसऱ्या एका केंद्राचा संच बंद पडला आहे, संध्याकाळची मागणी यायची आहे, आणखी शक्ती उतरवू नका. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रालाही राज्याच्या भार नियंत्रण केंद्राकडून असे निरोप येतच असतात. चेर्नोबिलने निरोप पाळला. संच निम्म्या शक्तीवर चालत राहिला.

थंड पाण्याची यंत्रणा पुन्हा जोडायला हवी होती. ती जोडली नाही. ती चालू असती तरी शेवट बदलला नसता, असे तज्ज्ञांनी पुढे सांगितले. पण एक सुरक्षा यंत्रणा तुटलेली असताना अणुभट्टी ११ तास चालू राहिली आणि ते कोणाला खटकले नाही, हेही त्यांनी नोंदवले.

दुपारी ४

दिवसपाळी सुटली. चाचणी याच पाळीत व्हायची होती.

रात्री ११ वाजून १० मिनिटे

कीव्हची परवानगी आली. ९ तास गेले होते. शक्ती पुन्हा उतरवायला सुरुवात झाली.

या ९ तासांत अणुभट्टीच्या आत एक बदल झाला होता. शक्ती कमी केल्यावर इंधनात झेनॉन वायू साचू लागतो. तो न्यूट्रॉन गिळतो आणि अणुभट्टी दबू लागते. चढ्या शक्तीवर चालताना झेनॉन जळून जातो. पडत्या शक्तीवर तो साचतो.

रात्री १२

पाळी बदलली. पाळीप्रमुख अलेक्सांद्र अकिमोव्ह, वय ३२. अणुभट्टीच्या नियंत्रण पाटावर लिओनिद तोप्तुनोव्ह, वय २५. या पदावर येऊन त्याला थोडेच महिने झाले होते. चाचणीची सूत्रे उपमुख्य अभियंता अनातोली द्यात्लोव्ह यांच्याकडे होती.

रात्रपाळीच्या वाट्याला बंद होत आलेला संच सांभाळण्याचे काम यायचे होते. चाचणीची तयारी या पाळीने केलेली नव्हती.

२६ एप्रिल, शनिवार. रात्री १२ वाजून ५ मिनिटे

शक्ती ७२० मेगावॅट. चाचणी ७०० ते १००० मेगावॅटच्या दरम्यान घ्यावी, असे कार्यक्रमात लिहिले होते. शक्ती इथेच थांबवता आली असती. उतरवणे चालू राहिले.

१२ वाजून २८ मिनिटे

शक्ती सुमारे ५०० मेगावॅट असताना तोप्तुनोव्ह एका स्वयंचलित नियंत्रणावरून दुसऱ्यावर गेला. या बदलात शक्ती निसटली आणि ३० मेगावॅटवर आली. अणुभट्टी जवळजवळ विझली.

चाचणी रद्द करून संच बंद करायची वेळ हीच होती. तसे केले असते तर पुढची संधी पुढच्या दुरुस्तीपर्यंत मिळाली नसती.

१२ वाजून ३२ मिनिटे

शक्ती वर आणण्यासाठी नियंत्रक सळ्या बाहेर ओढायला सुरुवात झाली. एकूण सळ्या २११. झेनॉन दाबत होता, म्हणून आणखी ओढल्या. मग आणखी.

१२ वाजून ४३ मिनिटे

टर्बाइन बंद झाले की अणुभट्टीही आपोआप बंद व्हावी, अशी सोय होती. तो सिग्नल अडवून ठेवण्यात आला. चाचणी फसली तर लगेच पुन्हा घेता यावी, हा हेतू होता.

१ वाजून ३ मिनिटे

शक्ती २०० मेगावॅटवर कशीबशी स्थिर झाली. ठरलेल्या किमान शक्तीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. चाचणी इथेच घ्यायची ठरली.

कार्यक्रमात लिहिल्याप्रमाणे सातवा पंप जोडला. चार मिनिटांनी आठवा. पाण्याचा ओघ वाढला, पाणी उकळण्याच्या अगदी काठावर आले. या भट्टीत पाणी उकळून वाफ झाली की शक्ती वाढते. कमी शक्तीवर हा दोष सर्वांत जास्त असतो. तीही गोष्ट रचनाकारांना ठाऊक होती.

१ वाजून २२ मिनिटे ३० सेकंद

संगणकाने स्थितीची नोंद घेतली. तिच्यावरून नंतर हिशेब झाला: गाभ्यात सुमारे ८ सळ्यांइतकाच ब्रेक उरला होता. नियम सांगत होता, १५ च्या खाली गेलात तर अणुभट्टी ताबडतोब बंद करा. हा आकडा नियंत्रण पाटावर डोळ्यांसमोर दिसत नसे. तो संगणकाकडून मागवावा लागे.

१ वाजून २३ मिनिटे ४ सेकंद

टर्बाइन क्रमांक ८ ची वाफ तोडली. चाचणी सुरू झाली.

टर्बाइन मंदावू लागले. त्याच्या विजेवर चालणारे चार पंप मंदावले. पाणी कमी, वाफ जास्त. पुढची ३६ सेकंदे काट्यांवर काही विशेष दिसले नाही.

१ वाजून २३ मिनिटे ४० सेकंद

एझेड-५ हे बटण दाबण्यात आले. सर्व सळ्या एकदम खाली सोडून अणुभट्टी बंद करण्याचे बटण. चाचणी झाली म्हणून दाबले की काही वावगे दिसले म्हणून, यावर आजही एकमत नाही.

सळ्या पूर्ण आत जायला सुमारे १८ सेकंद लागत. बहुतेक सळ्या वर ओढलेल्या होत्या. त्या एकाच वेळी खाली निघाल्या. सर्वांत आधी ग्राफाईटने तळाचे पाणी सारले.

इग्नालिनाच्या चाचणीत जे दिसले होते, ते इथे घडले.

१ वाजून २३ मिनिटे ४३ सेकंद

शक्ती फार वेगाने वाढत असल्याचे इशारे वाजले. शक्ती ५०० मेगावॅटच्या वर गेली होती.

१ वाजून २३ मिनिटे ४७ सेकंद

इंधनाच्या नळ्या फुटू लागल्या. सात मीटर खाली जायच्या सळ्या दोन-अडीच मीटरवर अडकल्या. लागोपाठ स्फोट झाले. हजार टनांहून जड असे अणुभट्टीचे झाकण उडाले. गाभा उघडा पडला.

पिंपळनेरच्या घड्याळात तेव्हा २ वाजून ५३ मिनिटे झाली होती.

१ वाजून २८ मिनिटे

केंद्राचे अग्निशमन दल पोहोचले. छपरावर पडलेले काळे दगडासारखे तुकडे गाभ्यातल्या ग्राफाईटचे होते. किरणोत्सर्गापासून बचाव करणारे कपडे कोणाकडेच नव्हते.

हाताशी असलेली मोजणी यंत्रे तासाला ३.६ राँटजनच्या पुढे दाखवत नव्हती. काटा तिथे टेकला. हाच आकडा वर कळवण्यात आला. अणुभट्टी शाबूत आहे, असेही कळवण्यात आले. अकिमोव्ह आणि तोप्तुनोव्ह हे दोघे उद्ध्वस्त झालेल्या भट्टीला पाणी पोहोचवण्यासाठी हाताने झडपा उघडत राहिले. दोघेही मे महिन्यात मॉस्कोच्या रुग्णालयात वारले.

सकाळी

तीन किलोमीटरवरच्या प्रिप्यातमध्ये शनिवारची शाळा नेहमीप्रमाणे भरली.

२७ एप्रिल, दुपारी २

सुमारे ४९,००० वस्तीचे प्रिप्यात हलवण्यास सुरुवात झाली. स्फोटाला ३६ तास उलटून गेले होते. तीन दिवसांचे सामान घ्या, असे लोकांना सांगितले होते. ते परत आले नाहीत.

२८ एप्रिल

सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. आधी त्यांनी स्वतःचेच केंद्र तपासले. रात्री ९ वाजता मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवर काही ओळींची बातमी आली.

नंतर

स्फोटाच्या रात्री दोघे गेले. पुढच्या काही महिन्यांत तीव्र किरणोत्सर्गाने २८ जण मरण पावले. जुलै १९८७ मध्ये ब्रुखानोव्ह, फोमिन आणि द्यात्लोव्ह यांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली. दोष चालवणाऱ्यांचा, असा निकाल लागला. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने आपला आधीचा अहवाल सुधारला. सळ्यांची रचना, भट्टीचा स्वभाव आणि माहिती दडवण्याची पद्धत यांवरही बोट ठेवले.

महाराष्ट्राशी या दुर्घटनेचा संबंध लोण्यातून आला. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून मुंबईला आलेल्या लोण्यावरून काही नागरिक उच्च न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तज्ज्ञ समितीने अहवाल दिला आणि १९८८ मध्ये ते लोणी खाण्यास योग्य ठरले.

आपल्या जवळचे एक उदाहरण चेर्नोबिलच्या उलट आहे. १३ मे १९९४ रोजी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा येथे बांधकाम चालू असताना पहिल्या संचाच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट निखळून पडले. कामगार जखमी झाले. इंधन भरलेले नव्हते, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही. घुमटाची रचना बदलावी लागली, वेळापत्रक कोलमडले, संच २००० मध्ये सुरू झाला. उशीर झाला, खर्च वाढला. दोष सुरू होण्याआधी उघडा पडला, तर किंमत एवढीच असते.

चेर्नोबिलच्या सहीपासून स्फोटापर्यंत ८४७ दिवस गेले. एका केंद्रात सुरू करण्याआधीची चाचणी झाली, तिने दोष दाखवला आणि तो फायलीत गेला. दुसऱ्या केंद्रात चाचणी झालीच नाही आणि सही झाली. २६ एप्रिलच्या रात्री या दोन्ही फायली एकाच बटणाखाली आल्या.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. जैतापूरला प्रत्येकी १७३० मेगावॅटचे सहा संच नियोजित आहेत. संच कधी सुरू होणार, असे प्रत्येक मंत्री सांगतो आणि प्रत्येक बातमीदार विचारतो. कोणती चाचणी बाकी आहे, तिच्यात काय आढळले आणि ती झाल्याची सही कोणी केली, हे विचारायचे काम वाचकांचे आहे. ते सहीच्या आधी विचारायचे असते.